खुणांचा मजकूर आणि छपाईतली चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी खरिपाच्या तोंडावर एक छोटी पुस्तिका काढायचे ठरवले. विषय होता, कपाशीवर आणि सोयाबीनवर औषध फवारताना घ्यायची काळजी. मुले बहुतेक जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतली, शेतकऱ्यांच्या घरची. मी भाषा शिकवणारा माणूस. शेतीतले मला फार कळते असा माझा दावा नाही. औषधांचा तपशील मुलांनी जाणकारांकडून तपासून घेतला होता. माझ्याकडे आली ती भाषा आणि छपाई.

विषय हलका नव्हता. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती बातमी आमच्या मुलांच्या घरात अजून निघते. त्यामुळे पुस्तिका नुसती कपाटात राहू नये, गावात वाचली जावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून मजकूर तीन रूपांत काढायचा ठरला. एक बत्तीस पानी पुस्तिका, दुसरा भिंतीवर चिकटवायचा मोठा कागद, आणि तिसरी मोबाइलवर वाचायची प्रत. पुण्यात यंत्रांची माहितीपुस्तके लिहिण्याची नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी तेव्हा सुटीवर आला होता. तो म्हणाला, "सर, तीन वेळा टाइप करू नका. मजकूर एकदाच लिहा, त्यात खुणा घाला, तिन्ही प्रती त्यातूनच निघतील." दोन दिवस बसून त्याने ती रीत शिकवली आणि तो पुण्याला परत गेला.

भिंतीवरचा कागद मोठा देखणा निघाला. दोनशे प्रती छापल्या. त्यातल्या चाळीसएक गावोगाव गेल्याही. चौथ्या दिवशी गंगाखेडकडच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आमचे वडील विचारतात, उपाशीपोटी फवारू नये हे पुस्तिकेत आहे, मग भिंतीवरच्या कागदात का नाही?" मी मूळ मजकूर काढला. फवारणाऱ्यासाठी सूचना होत्या चौदा. कागदावरच्या मोजल्या. भरल्या नऊ.

पाच सूचना गळाल्या होत्या, आणि संगणकाने ब्रसुद्धा काढला नव्हता.

त्या पाच सूचना कुठे गेल्या, हे शोधताना जे शिकायला मिळाले ते आज तुमच्यापुढे मांडतो. विषय जरा तांत्रिक आहे, पण शाळेचे वार्षिक, पतसंस्थेचा अहवाल, शेतीची पत्रके यांच्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना तो परका वाटणार नाही.

आधी ही खुणांची रीत काय ते पाहू. खिळे जुळवण्याचे छापखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल. लेखक हस्तलिखित आणून देई. संपादक त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करी. हे शीर्षक, हा उतारा, ही तळटीप. जुळारी त्या खुणा बघून कोणता टाइप घ्यायचा, किती जागा सोडायची ते ठरवी. लाल खूण छापली जात नसे, पण तिच्यावाचून पानही उभे राहत नसे. संगणकाच्या जगात एक्सएमएल नावाची जी पद्धत आहे ती म्हणजे हीच लाल पेन्सिल. फरक इतकाच, की खूण मजकुराच्या ओळीतच टोकदार कंसांत लिहायची, आणि जिथे सुरू केली तिथून जिथे संपते तिथे तिला बंद करायचे. उदाहरणार्थ:

<वाण>परभणी क्रांती</वाण>

खुणांची नावे अशी देवनागरीतही ठेवता येतात, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि खुणेचा उपयोग काय तेही या उदाहरणात दिसते. 'परभणी क्रांती' हा आपल्या कृषी विद्यापीठाने काढलेला भेंडीचा वाण. शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही. पण संगणकाला भेंडी आणि बंड यांतला फरक कळत नाही. खूण केली की कळतो, म्हणजे कळल्यासारखे वागता येते. पुस्तिकेतल्या सगळ्या वाणांची यादी काढ म्हटले की तो काढून देतो.

या रीतीची सुरुवात जुनी आहे. आयबीएम कंपनीतल्या गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी १९६९ च्या सुमारास अशी एक पद्धत बसवली. तिच्या नावाची आद्याक्षरे आणि त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे एकच आहेत, हा योगायोग नव्हे. तिच्यातून १९८६ साली एक आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याला सुटसुटीत करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल आले. विमाने, ट्रॅक्टर, औषधे यांची जाडजूड माहितीपुस्तके पुष्कळदा अशाच खुणांनी लिहिली जातात. आणि तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? तर वर्डमध्ये २००७ पासून जी फाइल साठते, तिच्या पोटात हेच एक्सएमएल असते. तेव्हा वापर आपण करतोच, फक्त पोट उघडून पाहिलेले नसते.

आता महत्त्वाचा मुद्दा. खूण सांगते ती वस्तू काय आहे. ती दिसावी कशी, हे खूण सांगत नाही. ते सांगणारा कागद वेगळा. त्याला स्टाइलशीट म्हणतात. आपण मांडणीपत्र म्हणू. 'सूचना आली की तिला चौकट घाल, अक्षर ठळक कर, भिंतीवरच्या कागदासाठी फक्त अमुक सूचना निवड' असे हुकूम त्यात असतात. तिसरा कागद म्हणजे नियमपत्र. कोणत्या खुणा चालतील, कोणत्या खुणेच्या पोटात कोणती येईल, हे त्यात लिहिलेले असते. हे नियमपत्र ऐच्छिक आहे, आणि म्हणूनच बहुतेक लोक ते करीत नाहीत. आम्हीही केले नव्हते. या तिन्हींनंतर येतो तो पाने जुळवणारा प्रोग्राम, आणि अगदी शेवटी अक्षरांचा फाँट.

म्हणजे मजकूर, नियमपत्र, मांडणीपत्र, जुळणीचा प्रोग्राम आणि फाँट अशी पाच घरे झाली. छापून आलेल्या कागदावर चूक दिसते ती शेवटच्या घराच्या दारात. पण ती शिरलेली असते कुठल्यातरी आधीच्या घरातून. नवशिका माणूस काय करतो? जिथे दिसते तिथेच पुसतो. आम्हालाही पहिला मोह तोच झाला. छपाईची तयार फाइल उघडायची, पाच सूचना हाताने डकवायच्या आणि मोकळे व्हायचे. तसे केले असते तर पुढच्या वर्षी मजकुरात एक ओळ बदलून पुन्हा कागद काढला असता, आणि त्याच पाच सूचना पुन्हा गळाल्या असत्या.

चुका दोन जातींच्या असतात. एक ओरडणारी, दुसरी मुकी. ओरडणारीची भीती बाळगायचे कारण नाही. एक्सएमएलचा नियमच कडक आहे. खूण उघडून बंद केली नाही किंवा दोन खुणा एकमेकींत अडकल्या, तर वाचणाऱ्या प्रोग्रामने तिथेच थांबायचे, अंदाजाने पुढे जायचे नाही. शेतीच्या मजकुरात ही थांबण्याची वेळ एका मासलेवाईक कारणाने येते. जमिनीच्या सामूविषयी लिहिताना आपण 'सातपेक्षा कमी' यासाठी गणितातले लहानपणाचे चिन्ह वापरतो. ते चिन्ह म्हणजे टोकदार कंसच! संगणकाला वाटते नवी खूण सुरू झाली, आणि पुढे नुसता आकडा पाहून तो हात वर करतो. 'आणि' या अर्थाचे जे रोमन चिन्ह दुकानांच्या पाट्यांवर असते त्याचेही तसेच. ही दोन चिन्हे मजकुरात थेट लिहायची नसतात. त्यांच्यासाठी ठरलेल्या संज्ञा आहेत. आम्ही मुलांना सांगितले, चिन्ह नकोच, सरळ 'पेक्षा कमी' लिहा. ते वाचणाऱ्यालाही बरे.

ओरडणाऱ्या चुकीत एकच फसगत आहे, ती ओळीच्या क्रमांकाची. प्रोग्राम सांगतो, 'ओळ ६१२, खूण जुळत नाही.' तुम्ही ६१२ वी ओळ पाहता तर ती निर्मळ. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाणी पोचले नाही हे कळते टेलच्या वावरात, आणि चारी फुटलेली असते वर कुठेतरी. प्रोग्रामला चूक जिथे लक्षात आली ती ओळ तो सांगतो, जिथे झाली ती नव्हे. तेव्हा सांगितलेल्या ओळीपासून वर वर चढत जायचे. फार मोठी फाइल असेल तर निम्मा मजकूर बाजूला काढायचा. चूक राहिली तर ती उरलेल्या निम्म्यात. गेली तर काढलेल्या भागात. पुन्हा निम्मे. हजार ओळींतली चूक दहा वेळा निम्मे केले की एका ओळीवर येते. ही युक्ती मी गणिताच्या सहकाऱ्याकडून ऐकली होती, पण तिचा उपयोग करीन असे वाटले नव्हते. फक्त कापताना खुणांच्या सांध्यावर कापावे, नाहीतर आपणच नवी चूक करून बसतो.

मुकी चूक मात्र वाईट.

तिचा एक नमुना सगळीकडे सापडतो. सगळे नियमाप्रमाणे असते, प्रोग्राम तक्रार करीत नाही, आणि छापून येतो तो सगळा मजकूर एका लांबच लांब रांगेत. शीर्षक नाही, चौकट नाही, परिच्छेद नाही. असे दिसले की समजावे, मांडणीपत्रातला एकही हुकूम कोणाला लागू पडला नाही. हुकूम सापडला नाही तर निदान आतला मजकूर तरी पुढे जाऊ द्यायचा, असा या मांडणीपत्राच्या भाषेचा मूळ स्वभाव आहे. कारण बहुधा नावाचे असते. आपल्या भागात पिंपळगावे कितीतरी. पत्रावर नुसते 'पिंपळगाव' लिहिले तर पोस्टमन काय करील? तालुका लागतो. एक्सएमएलमध्येही खुणेच्या नावाला असा तालुका जोडता येतो. त्याला नेमस्पेस म्हणतात. मजकुरात तालुका लिहिलेला आहे आणि मांडणीपत्रात नाही, असे झाले की दोन्हीकडचे नाव डोळ्यांना सारखे दिसूनही संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावे ठरतात. मजकुराच्या पहिल्या खुणेत बघा, मांडणीपत्राच्या माथ्यावर बघा, आणि दोन्ही तालुके जुळवा.

आमची चूक याच जातीची, पण जास्त खोल होती. प्रत्येक सूचनेला आम्ही एक गुण जोडला होता, असा:

<सूचना कोणासाठी="फवारणाऱ्यास">

आणि मांडणीपत्रात हुकूम होता, 'ज्या सूचनेत कोणासाठी या गुणाची किंमत फवारणाऱ्यास अशी आहे, तेवढ्याच भिंतीवरच्या कागदासाठी घे.' गळालेल्या पाचही सूचनांत तोच शब्द होता. मी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले. शुद्धलेखनात खोट नव्हती. मुद्रितशोधनाचा इतका अनुभव, पण डोळे निरुपयोगी ठरले. शेवटी पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, वाचू नका. मांडणीपत्रातला शब्द उचलून मजकुरात शोधायला सांगा." सांगितले. नऊ ठिकाणी सापडला. "आता गळालेल्या सूचनेतला शब्द उचला आणि तो शोधा." शोधला. पाच ठिकाणी. नऊ आणि पाच चौदा. दिसायला एक असलेले ते दोन वेगळे शब्द होते!

याचे मूळ मराठीच्या एका खास लकबीत आहे. आपण रकाराची जोडाक्षरे दोन तऱ्हांनी लिहितो. 'दर्या' म्हणजे समुद्र, तिथे रफार डोक्यावर जातो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, तिथे र आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. 'आचार्यांना' बोलावणे वेगळे आणि 'आचाऱ्यांना' बोलावणे वेगळे, हे तर आपण वर्गात हसत हसत सांगतो. हिंदीला या आडव्या रकाराची गरज पडत नाही. संगणकात सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात हा आडवा र काढायच्या दोन वाटा आहेत. एक, खाली टिंब असलेला ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे, तो घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधाच र घ्यायचा, पाय मोडायचा, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचे. कागदावर दोन्हींचे चित्र एकच. पोटातले क्रमांक निरनिराळे. आमच्या एका विद्यार्थिनीने आपले प्रकरण संगणकावर टाइप केले होते, दुसऱ्याने मोबाइलवर. तिच्या कळफलकाने पहिली वाट धरली, त्याच्या कळफलकाने दुसरी. दोघांचेही काही चुकले नव्हते.

यात आणखी एक मेख आहे. साधा र आणि त्याला सुटे टिंब असाही ऱ टाइप होऊ शकतो. हा प्रकार युनिकोडच्या एकसारखे करण्याच्या ठरलेल्या क्रियेतून नेला की ०९३१ चा होतो. पण अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार त्या क्रियेने बदलत नाही. तो आपण होऊन शोधून बदलावा लागतो. 'ॲ' या अक्षराचीही तीच कथा. युनिकोडने त्याला २००८ साली स्वतंत्र क्रमांक दिला. त्यापूर्वीच्या मजकुरात ते 'अ' वर चंद्र ठेवून लिहिलेले असायचे, आणि आजही पुष्कळ जण तसेच लिहितात. म्हणून एखादी यादी अकारविल्हे लावली की 'ॲसिड' दोन निरनिराळ्या ठिकाणी सापडते, किंवा शोधले तर सापडत नाही. ग्रंथपालांनी आणि विद्यार्थ्यांची नावे संगणकात भरणाऱ्या शिक्षकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे. नावांतही हे रकार येतात.

चूक कळल्यावर दुरुस्ती काय केली? पाच ठिकाणचे शब्द बदलले, ते तर झालेच. पण खरी दुरुस्ती नियमपत्राची. आम्ही ते लिहिले आणि त्यात घातले की 'कोणासाठी' या गुणाला तीनच किमती चालतील. यापुढे कोणी वेगळ्या क्रमांकांचा तोच शब्द टाइप केला, तर मांडणी सुरू होण्याआधीच तपासणीत प्रोग्राम तक्रार करील. मुकी चूक ओरडणारी झाली. किमतीही बदलल्या. 'फवारणाऱ्यास' ऐवजी 'मजूर' असा शब्द घेतला, ज्यात रकाराचा घोळ नाही. मांडणीपत्राच्या शेवटी एक हुकूम वाढवला, की जी सूचना कोणत्याच हुकमात बसली नाही ती टाकून देऊ नकोस, काळ्या पट्टीत छाप. पान विद्रूप होईल. होऊ दे. आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'एकूण सूचना' असा आकडा येईल अशी व्यवस्था केली. तो आकडा मजकुरातून मोजला जातो, निवडलेल्यांतून नव्हे, ही त्यातली गोम. प्रूफ हाती आले की वाचण्याआधी कागदावरच्या सूचना मोजायच्या आणि त्या आकड्याशी ताडायच्या.

उरलेल्या दोन घरांतल्या चुका अक्षरांच्या रूपात दिसतात, आणि रोग्याच्या जिभेवरून वैद्य ओळखतो तशा त्या ओळखता येतात. अक्षराच्या जागी रिकामी चौकोनी खोकी आली तर फाँटात ती अक्षरे नाहीत. काही जुळणी-प्रोग्राम खोक्याऐवजी उभ्याआडव्या दोन-दोन रेघांचे जाळीचे चिन्ह छापतात, अर्थ तोच. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसू लागली, तर फाँट आहे, पण देवनागरीचे जोडकाम प्रोग्रामला येत नाही. अपाची एफओपी हा फुकट मिळणारा प्रोग्राम या कामात पुष्कळ वापरला जातो. त्याला हे जोडकाम २०१२ च्या १.१ या आवृत्तीपासून येऊ लागले. त्याआधीची आवृत्ती कोणाच्या संगणकात पडून असेल तर मांडणीपत्रात कितीही खटपट करा, 'शेतकरी' नीट येईल आणि 'किडीची' पहिली वेलांटी भरकटलेलीच राहील.

सगळा मजकूरच जर टोपीवाल्या रोमन ए आणि त्याच्यापुढे चार टोके फुटलेल्या वर्तुळाची माळ होऊन आला, तर घाबरू नका. युटीएफ-आठ या रीतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन तुकड्यांत साठवले जाते. वाचणाऱ्याने ते तीन तुकडे तीन निरनिराळी युरोपीय अक्षरे म्हणून वाचले, एवढाच त्याचा अर्थ. फाइल खराब झालेली नसते; कोणत्या रीतीने वाचायची ते तिच्या पहिल्या ओळीत नीट सांगा. मात्र अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली तर मूळ अक्षरे बहुधा गेलीच. जुनी प्रत शोधा.

आणखी एक अडचण आपल्याकडच्या कार्यालयांत नेहमीची आहे. जुन्या काळचे पुष्कळ मराठी फाँट युनिकोडचे नव्हते. आत रोमन अक्षरांचे क्रमांक आणि वर देवनागरीचा मुखवटा, अशी ती सोय होती. त्या काळी तिने मोठे काम केले, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण असा मजकूर एक्सएमएलमध्ये चिकटवला की मुखवटा गळून पडतो आणि खालचे निरर्थक रोमन दिसू लागते. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतरानंतर रफार, आडवा र आणि पहिली वेलांटी ही तीन स्थळे डोळ्यांत तेल घालून तपासावीत. रूपांतर करणारे प्रोग्राम तिथेच घसरतात.

प्राथमिक शिक्षकांना उपयोगी अशी एक गोष्ट जाता जाता सांगतो. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि हिंदी वळणाचे ल आणि श, यांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नाहीत. काही फाँटांत दोन्ही वळणे ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे खुणेत सांगितले तरच मराठी वळण बाहेर येते. ते सांगण्यासाठी एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे वापरायची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने अक्षरांची जी वळणे प्रमाण ठरवली, ती पहिलीच्या मुलाच्या हाती पडावीत असे वाटत असेल तर ही छोटी खूण विसरू नये. फाँट बदलून थकलेले लोक मी पाहिले आहेत. खूण बदलायचे त्यांच्या मनात येत नाही.

पुस्तिकेच्या दुसऱ्या छपाईत आम्ही आणखी एक खोट काढली, तीही मुकी. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. आमच्या मांडणीपत्रात त्रिकोणाला नुसता रंग दिला होता. पडद्यावर उत्तम दिसे. पण गावात कागद पोचतो तो झेरॉक्स होऊन, आणि झेरॉक्सवर लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे. मजकुरातली खूण बरोबर होती, तिच्यात विषारीपणाची पायरीच लिहिली होती. म्हणून मजकुराला हात न लावता मांडणीपत्रात एक ओळ वाढवली. त्रिकोणाच्या शेजारी 'लाल त्रिकोण, अति विषारी' अशी अक्षरे आली. मात्रेच्या तक्त्यात तर प्रोग्राम आधीपासून इशारा देत होता, की मजकूर जागेत मावत नाही. आम्ही तो वाचत नव्हतो, कारण काम पुढे सरकत होते. तक्त्याच्या अरुंद रकान्यात 'मिली' हा शब्द कडेला कापला गेला होता. 'पाच' उरले होते. पाच काय?

गावात गेलेल्या चाळीस कागदांचे काय केले, हे सांगायचे राहिले. पाच सूचनांच्या पट्ट्या छापल्या, मुलांनी डिंक घेतला आणि रविवारी एसटीने जाऊन आपापल्या गावी त्या कागदांच्या तळाशी चिकटवल्या. सदतीस कागद सापडले. एका ठिकाणी कागदावर लग्नाची पत्रिका डकवलेली होती. ती सोडवून पट्टी लावली आणि पत्रिका शेजारी पुन्हा डकवली. बाकीचे दोन पावसात गेले होते.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी एक प्रयोग करावा. संगणकावर 'शेतकऱ्यांना' हा शब्द टाइप करा. मग मित्राला तोच शब्द मोबाइलवरून पाठवायला सांगा आणि पहिल्याच्या खाली ठेवा. आता वरचा शब्द उचलून शोधायला सांगा. दोन्ही सापडले तर तुम्हा दोघांचे कळफलक एकाच वाटेने जातात. एकच सापडला, तर शाळेच्या संगणकातल्या याद्या एकदा काढून बघा.